‘हयच तर जावचा आसा’ : दुचाकीबद्दलचे आपले गैरसमज



गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला वीस-पंचवीस मिनिटे उरली होती, घरात पाहुणे होते आणि सरबतासाठी बर्फ नव्हता. माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे आला होता. एकोणीस वर्षांचा, लायसन्स असलेला, गाडी नीट चालवणारा. मी त्याला म्हटले, जा रे, नाक्यावरून बर्फ आणि पाव घेऊन ये. तो हेल्मेट शोधू लागला. ते आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेले होते.

“खाला, हेल्मेट खंय ठेवलंस?”

“अरे, हयच तर जावचा आसा. कित्याक शोधतस? येळ जाता.”

हे माझे शब्द आहेत. ते दुसऱ्या कुणाचे असते तर आज हे सदर लिहिणे मला सोपे गेले असते.

परत येताना वळणावर रस्ता ओला होता. पाऊस नव्हता, मासळीच्या टेम्पोतून गळलेले बर्फाचे पाणी होते. त्याची गाडी घसरली. वेग तीसच्या आसपास असेल, असे मागून येणाऱ्यांनी सांगितले. हातापायांना थोडे खरचटले, बाकी काही नाही. पण डोके चिऱ्याच्या गडग्यावर आपटले. आधी ओरोस, मग तिथून गोव्यात बांबोळी. बारा दिवस तो शुद्धीवर नव्हता. अल्लाहच्या कृपेने तो वाचला, चालतो, हसतो. पण बोलता बोलता त्याला शब्द सापडत नाही. समोरच्याचे नाव आठवत नाही. कॉलेज सुटले. माझ्या बहिणीने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही, आणि तेच मला सर्वांत जड जाते.

या सदरात आपण घरातल्या गोष्टी बोलतो. आज आपल्या मालवण पट्ट्यात क्वचितच एखादे घर असेल जिथे अंगणात दुचाकी नाही. मासळीबाजार, मुलांची शाळा, मदरसा, जुम्याची नमाज, कुडाळ-कणकवलीचा दवाखाना, सगळे तिच्यावरच. ज्या वस्तूवर घर चालते तिच्याबद्दल आपल्या डोक्यात किती चुकीच्या समजुती भरल्या आहेत, हे मला वर्षभरात कळले. वाचले, डॉक्टरांना विचारले, मेकॅनिकजवळ तासन्‌तास उभी राहिले. आता मृग तोंडावर आला आहे. पावसाआधी हे तुमच्याशी बोलायलाच हवे.

१. “जवळच तर जायचे आहे”

हा पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. १९८१ साली अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या पथकाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांना दिसले की बहुतेक अपघात लांबच्या प्रवासात झालेच नव्हते. दुकानात जाणे, मित्राकडे जाणे, एखादे काम उरकणे अशा छोट्या फेऱ्यांत, आणि तेही निघालेल्या जागेपासून जवळच झाले होते. अपघाताच्या क्षणी वेगही फार नव्हता. अर्ध्या अपघातांत तो ताशी ३५ किलोमीटरच्या आतच होता.

कारण सरळ आहे. लांब जाताना आपण सावध असतो. घराजवळचा रस्ता आपल्याला पाठ असतो, म्हणून आपण तो पाहतच नाही. आणि जमिनीला आपण किती लांब चाललो होतो याच्याशी देणेघेणे नाही. उभ्या गाडीवरून नुसते कोसळून डोके दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले, तरी ते आदळते ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. कवटी फुटायला एवढे पुरते.

२. “लिहिलेले असेल ते होणारच”

हे वाक्य मी दवाखान्यात किती जणांकडून ऐकले असेल! मन सावरायला ते ठीक आहे. पण अपघाताच्या आधी, हेल्मेट न घालण्यासाठी ते वापरले तर तो तवक्कुल नव्हे, आळस आहे.

उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितल्याची रिवायत तिर्मिजीमध्ये आहे, ती आपल्या मुलांनाही पाठ असते. पण आणखी एक गोष्ट आपण कमी सांगतो. मक्का विजयाच्या दिवशी प्रेषित (स.) शहरात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर मिग्फर, म्हणजे लोखंडी शिरस्त्राण होते, असे सहीह बुखारीत नोंदले आहे. उहुदच्या लढाईत त्यांनी एकावर एक दोन चिलखते घातल्याची रिवायत आहे. ज्यांचा अल्लाहवरचा भरवसा सर्वांत मोठा, त्यांनी डोके झाकले. मग आपण कोण लागून गेलो?

हजरत उमर (र.) शामकडे जात असताना तिथे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि ते वाटेतूनच परतले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे त्यांना विचारले गेले. त्यांच्या उत्तराचा अर्थ असा की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. हेल्मेट घालणे हेही तकदीरचाच भाग आहे. जीव ही अमानत आहे, आणि अमानत निष्काळजीपणे सांभाळणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

३. “हेल्मेटने मान मोडते, ऐकू येत नाही”

आमच्या नाक्यावर हे ठामपणे सांगणारे निदान पाच जण आहेत. वजनामुळे झटका बसून मान मोडते, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याची दुखापत २२ टक्क्यांनी कमी होती. ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, या तक्रारीही हर्ट यांच्या पथकाने तपासल्या. गरजेचे आवाज हेल्मेटमधून ऐकू येतात आणि नजरेचा आवाकाही अपघात टाळण्याइतका राहतो, असेच त्यांना आढळले. कानात इयरफोन घालून गाणी ऐकणाऱ्याने हेल्मेटला दोष देऊ नये.

निरनिराळ्या देशांतील ६१ अभ्यास एकत्र मांडून २००८ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शंभर टक्के नव्हे, हे खरे. पण बांबोळीच्या त्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला विचारा, ६९ टक्के म्हणजे किती असतात.

उकडते, हे मात्र खरे आहे. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो. त्यावर उपाय म्हणजे हवा खेळणारे, फिक्या रंगाचे हेल्मेट घ्यावे आणि आतला कपडा धुऊन वाळवावा.

४. “डोक्यावर काहीतरी असले की झाले”

हेल्मेटचे खरे काम वरच्या चकचकीत कवचापेक्षा आतल्या थर्मोकोलसारख्या थराचे असते. आदळताना तो थर चेपतो आणि धक्का स्वतः पचवतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही नवे दिसले तरी निकामी झालेले असते. धाकट्या भावाला जुने द्यायची आपली सवय शर्टापुरती ठेवावी.

घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचे हेल्मेट या मानकाशिवाय विकण्यास मनाई आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली नुसती प्लास्टिकची टोपली मिळतेच. ती पोलिसाला फसवते, डांबराला फसवत नाही.

पट्टा न लावता घातलेले हेल्मेट पहिल्या झटक्यात डोक्याआधी उडून जाते. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जावीत.

आता आपल्या घरची गोष्ट. नमाजची जाड टोपी तशीच ठेवून वर हेल्मेट घातले तर ते सैल बसते आणि फिरते. टोपी खिशात ठेवा, मशिदीच्या दारात घाला. बहिणींनी हिजाबची टाचणी आणि मागचा जाड अंबाडा, दोन्हींचा विचार करावा. टाचणी आदळताना डोक्यात घुसू शकते. प्रवासापुरता पातळ, बिनटाचणीचा, अंगाबरोबर बसणारा हिजाब घालावा आणि हेल्मेट विकत घेताना तोच घालून माप बघावे. दुकानदारासमोर संकोच वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या, पण माप बघितल्याशिवाय घेऊ नका.

५. “मागे बसणाऱ्याला काय गरज?”

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता गेलेले ५० हजार होते, आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे कोण बसते? आपल्याकडे बहुतेक वेळा आई, बायको, बहीण, मूल. नवरा हेल्मेट घालून पुढे आणि बायको मांडीवर बाळ घेऊन उघड्या डोक्याने मागे, हे दृश्य आपल्याला खटकतही नाही. आडव्या बसणाऱ्या बाईला पकडायला धड काही नसते. खड्ड्यात गाडी उसळली की तीच आधी पडते, आणि पडते ती डोक्यावर.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे करते, चालवणारा असो की बसणारा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर मूल बसवणे हे लाड नव्हेत. अचानक ब्रेक लागला की हँडल आणि वडिलांची छाती यांच्यामध्ये ते चिरडते.

ओढणी आणि बुरख्याच्या टोकाकडे लक्ष द्या. चाकात किंवा चेनमध्ये कपडा अडकला तर क्षणात गळा आवळतो किंवा बाई मागे ओढली जाते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, पकडायला कडी आणि पाय ठेवायला जागा, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ ने बंधनकारक आहेत. हौसेने गाडीची जाळी काढून टाकणाऱ्या मुलाला ती परत बसवायला लावा. शक्य तिथे बहिणींनी आतून सलवार घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. अंग झाकलेले राहते आणि तोलही.

६. “पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते”

हे आपल्याला गाडी शिकवणाऱ्या थोरल्या भावानेच सांगितलेले असते. म्हणून आयुष्यभर आपण फक्त मागचा ब्रेक दाबतो. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते. थांबवण्याची बरीचशी ताकद तिथेच असते. मागचे चाक हलके होते, जोरात दाबले तर ते अडकते आणि घसरते. हर्ट यांच्या अहवालातही हेच दिसले की घाबरलेले बहुतेक चालक मागचे चाक घसरवत होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नव्हते.

योग्य पद्धत म्हणजे गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा झटक्याने नव्हे तर लिंबू पिळल्यासारखा हळूहळू घट्ट करत. वळणात, वाळूवर, चिखलावर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. तिथे वेग आधीच कमी करून शिरावे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी सीबीएस ही सोय सक्तीची आहे. आपल्या गाडीत काय आहे हे मेकॅनिकला विचारून घ्या आणि मोकळ्या मैदानात एकदा सराव करा.

आणखी एक हिशेब. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाईलकडे एक नजर म्हणजे तेवढे अंतर डोळे मिटून.

७. “मी हळूच चालवतो, आणि हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे”

आमचा मुलगाही हळूच चालवत होता. आपल्या किनाऱ्याचे रस्ते वेगळे आहेत, ते ओळखावे लागतात.

मासळीच्या गाडीतून गळणारे पाणी उन्हाळ्यातही रस्ता निसरडा करते. अशा गाडीच्या मागे चिकटून जाऊ नये, आणि ओला पट्टा दिसला की वळायच्या आधी वेग उतरवावा. तारकर्ली-देवबागच्या बाजूला रस्त्यावर वाळू येते. पहिला पाऊस सर्वांत धोक्याचा. वर्षभर साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते, आणि अर्धा-पाऊण तास रस्ता साबणासारखा होतो. पुढे जांभ्याची लाल माती वाहून येते, कडेला शेवाळ धरते. खड्ड्यात पाणी भरले की खोली कळत नाही. रात्री कोरडी जागा शोधत गुरे डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही.

आपणही दिसत नाही. काळा बुरखा, गडद शर्ट, फजरची किंवा तरावीहनंतरची वेळ. समोरच्या ट्रकवाल्याला आपण दिसायला हवे. हेल्मेटच्या मागे आणि मडगार्डवर चमकणारी पट्टी चिकटवायला फार पैसे लागत नाहीत. पावसात छत्री उघडून मागे बसणे तर पूर्ण बंद करा. वारा छत्रीत भरला की तोल गेलाच.

आणि इफ्तारची घाई. दिवसभराचा उपास, उतरती साखर, मावळतीचा उजेड आणि डोक्यात अजान. रमजानमधली ही वीस मिनिटे गाडीवर काढायची नाहीत, असा नियम आमच्या घराने केला आहे. खजूर आणि पाणी घरात असले की इफ्तार होते. बर्फाशिवाय रोजा सुटतो. हे मला उशिरा कळले.

८. “आमचा पंधराचा झाला, छान चालवतो”

चालवता येणे आणि रस्त्यावरचा अंदाज येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गिअरच्या गाडीला अठरा वर्षे लागतात, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या स्कूटरलाही. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पण दंडाचे सोडा. त्याच्या गाडीखाली दुसऱ्याचे मूल आले, तर कोणत्या तोंडाने त्या दारात जाल?

९. “अपघातात थांबलो तर आपणच अडकतो”

त्या संध्याकाळी दोन गाड्या न थांबता गेल्या. तिसरा थांबला. तो कोण, कुठला, आम्हाला अजून माहीत नाही. रोजा असताना त्याने इफ्तार सोडली. आम्ही प्रत्येक नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ करतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले आणि पुढे कलम १३४-अ ने ते कायद्यात आले. मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी खटला होत नाही. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून थांबा, १०८ ला फोन करा.

पण काय करू नये तेही लक्षात ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. त्याला उठवून बसवू नका, मान वळवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून नेऊ नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा आणि येणाऱ्या गाड्यांना लांबूनच हात दाखवा. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण मुलांना शिकवतो. रस्त्यावर पडलेला माणूस उचलणे त्याहून मोठे नाही का?

आता आमच्या घरी चावी आणि हेल्मेट एकाच खिळ्याला टांगलेले असतात. हेल्मेट काढल्याशिवाय चावी निघतच नाही. मागे बसणाऱ्याचे हेल्मेट शेजारच्या खिळ्याला आहे. सवारीची दुआ पट्टा लावल्यावर म्हणायची, आधी नव्हे. पावसाआधी टायर, ब्रेक आणि मागचा लाल दिवा बघून घेतला आहे. या सगळ्याला मिळून एका ईदच्या कपड्यांइतकाही खर्च आला नाही.

गेल्या आठवड्यात भाचा आला होता. मी अंगणातून बाहेर पडत होते, दुधाला, अगदी पलीकडच्या वाडीत. तो ओट्यावर बसला होता. मला थांबवून काहीतरी सांगायचे होते त्याला, पण शब्द येईना. बराच वेळ तो ओठ हलवत राहिला. शेवटी उठला, आत गेला आणि खिळ्यावरचे हेल्मेट आणून माझ्या हातात दिले.

तुमच्या घरातून आज कुणीतरी “हयच तर जावचा आसा” म्हणत निघेल. त्याला दारातच थांबवा. अल्लाह आपल्या सर्वांना सुखरूप घरी आणो. आमीन.